महादरवाज्यावरचा खेचरवाला

अण्णा, आपली बिल्डिंग पाडायची ठरली. नेरूळमध्ये आपल्या आसपासच्या बऱ्याच बिल्डिंगांचं तेच चाललंय. सोसायटीच्या सहा मीटिंगा झाल्या, सातवीत तळमजल्यावरचे काकाही सही करून मोकळे झाले. महिनाअखेरीपर्यंत घर रिकामं करायचं आहे. आई रोज एक कपाट उघडते, त्यातली एकही वस्तू टाकत नाही आणि संध्याकाळी म्हणते की आज बरंच आवरलं. माळ्यावरचं काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे तुमची ती चपटी पत्र्याची पेटी मलाच खाली उतरवावी लागली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि या वीस वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. तिच्यात एक जागा रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, आणि ती रिकामी का आहे हेही ठाऊक होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

पेटीतले एकतीस शिपाई जसेच्या तसे आहेत. बोटभर उंचीचे, आडवे झोपवलेले, प्रत्येकाला थर्माकोलमध्ये त्याच्या त्याच्या आकाराची खाच. झाकण उघडलं आणि तुमची रविवारची दुपार आठवली. जेवणं झालेली आहेत, आईने ओटा पुसून घेतला आहे आणि तुम्ही गॅसवर भाजीची सुरी तापवताय. आई म्हणते, माझ्या सुरीला प्लॅस्टिकचा वास येतो, उद्या भेंडी चिरली तर तीही शिपाईच लागेल. तुम्ही हसता आणि तापल्या सुरीने एका हिरव्या प्लॅस्टिकच्या शिपायाचे बूट हळूच सोलून काढता. आत पाय असायला हवेत, ते नसतात, मग नळाची गळती बुजवायची पुट्टी मळून तुम्ही पाय घडवता, टाचणीने बोटं पाडता. मी विचारते, हा अनवाणी का? तुम्ही म्हणता, हा आफ्रिकेतल्या ॲबिसिनियाचा. यांच्याकडं बूट नव्हते, तरी हे लढले.

बाजारात मिळणारे शिपाई सगळे सारखेच असायचे. अमेरिकेचे, जर्मनीचे, इंग्रजांचे. तुर्भ्याच्या तुमच्या कारखान्यात खेळणी निघायची, त्यामुळे बाहेरून नमुन्याला आलेले आणि मग कुणाला नको असलेले शिपाई तुम्ही खिशातून घरी आणायचात. चोरबाजारातून कधी तुटक्या हाताचा शिशाचा एखादा. आणि वाशीच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकं, ज्यातलं इंग्रजी तुम्ही शब्दकोश घेऊन ओळीओळीने वाचायचात. त्यातून तुम्हाला कळलं की दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरात ब्राझीलची माणसंही लढायला आली होती, फिनलंडवाले पांढरे कपडे घालून बर्फावरून घसरत जायचे, ग्रीसच्या पहाडात बाया पाठीवर दारूगोळा वाहायच्या. असलं काही सापडलं की जेवतानासुद्धा तुमचं ताटाकडे लक्ष नसायचं. एकदा शेजारच्या काकांनी तुम्हाला विचारलं होतं की एवढा खटाटोप करता तर जरा नावाजलेल्या फौजा का नाही जमवत. तुम्ही म्हणालात, “ज्यांचं कुणी खेळणं काढलं न्हाई, त्यांचं मी काढतो.” काका हो हो म्हणाले आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगून आले की डायमेकर जरा चक्रम आहे.

डायमेकर या शब्दाचा मला शाळेत अभिमान होता, जरी त्याचा अर्थ नीट सांगता यायचा नाही. मग एकदा सुट्टीत तुम्ही मला कारखान्यात नेलंत. तुर्भे स्टेशनवरून ट्रकच्या रांगांमधून चालत, नाकाला रुमाल लावून. टूलरूममध्ये तुमच्या बाकावर पोलादाची एक डाय, म्हणजे साचा, उघडी पडली होती, आत बदकाच्या आकाराची गुळगुळीत पोकळी. मी तिच्यात बोट घातलं आणि तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. आयुष्यात तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. नंतर चहा पाजलात, क्रीमरोल दिलात आणि समजावलंत की माल चुकला तर एक नग चुकतो, साचा चुकला तर सगळेच चुकतात. म्हणून आधी वस्तू हातात घ्यायची, चारी बाजूंनी मापायची, मगच पोलादाला हात लावायचा. तुम्ही म्हणालात, अंदाजानं पोकळी करता येत न्हाई. मी तेव्हा क्रीमरोल खात होते. पण वाक्य डोक्यात राहिलं होतं, हे मला परवा कळलं.

तर खेचरवाला. तो तुमच्या सगळ्या शिपायांत वेगळा होता, कारण त्याच्याकडे बंदूक नव्हती. लोकरीची कानटोपी, घोट्यापर्यंतचा कोट, उजव्या मुठीत दोरी आणि दोरीच्या टोकाला खेचर. खेचर तुम्ही खेळण्यातल्या घोड्याचे कान लांबवून केलं होतंत, शेपटी कापून पुन्हा बारीक लावली होतीत. दोघांना एकच लांब खाच होती, मधे दोरीसाठी चर. त्याचा चेहरा रंगवायला तुम्हाला एक अख्खा पावसाळा लागला. ब्रशचे केस उपटून एकच ठेवला होतात. मी विचारलं की हा कुठला, तर म्हणालात, इटलीतला, फौजेतल्या खेचरांच्या कंपनीतला आपला माणूस. आपला म्हणजे हिंदुस्थानातला, असं मी समजले. तुम्ही आणखी काही बोलला नाहीत आणि मला तो सगळ्यांत कंटाळवाणा शिपाई वाटला, हे कबूल करते. दोरी धरून उभा राहणारा शिपाई कोण खेळायला घेईल?

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. सोसायटीने दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. आमच्या विंगच्या मुलींनी पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा धरला. दगड रचले, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पांघरलं, हळीव पेरले. स्टेशनजवळच्या बाजारातून महाराज आणले आणि मातीचे मावळे आणले, पण त्यातले दोन पिशवीतच फुटले. महादरवाज्यावर पहारेकरी उरला नाही. तुम्ही गावी गेला होता, आजीची तब्येत बरी नव्हती म्हणून. दिवाळीचं तुम्ही नव्हता याचंच फार वाईट वाटत होतं, पण पेटी घरी होती. मी दुपारी ती उघडली. बंदूकवाले घेतले तर तुम्हाला राग येईल असं वाटलं, म्हणून कमी महत्त्वाचा कोण ते शोधलं, आणि मला तो सापडला. खेचर पेटीतच ठेवलं, दोरी सोडवून नुसता माणूस घेतला.

खाली घेऊन गेले तर तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण म्हणाली, “ए, हा इंग्रजांकडचा वाटतो ना. आपल्या किल्ल्यावर याला कशाला?” तिचं बरोबर होतं. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही नुकतंच शिकलो होतो की इंग्रज कोण आणि आपण कोण. मग मी त्याला वर घेऊन आले आणि त्याला आपल्यातलं केलं. तुमची पुट्टी घेतली, कानटोपीवर मावळ्याची पगडी चढवली, तिला भगवा रंग दिला. कोटाला लाल अंगरखा केला. ओठांवर भरघोस मिशी काढली, गालांपर्यंत. डाव्या हाताला ढाल हवी होती, ती कशाची करायची ते सुचेना, म्हणून तुमच्या जुन्या शर्टाचं बटण कापलं आणि चिकटवलं. चार भोकांचं, काळं. फार छान दिसला हो. अण्णा, खोटं सांगत नाही, मला वाटलं मी त्याला बढती दिली. दोरी ओढणारा माणूस थेट महाराजांच्या दरवाज्यावर. तुम्ही आलात की बघून खूश व्हाल, म्हणाल पोरीचा हात माझ्यावर गेलाय.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. प्रत्येकीला एकेक कंपासपेटी. भाऊबिजेच्या संध्याकाळी पोरं किल्ल्यात लवंगी लावायला लागली, म्हणून मी पहारेकरी उचलून नव्या कंपासपेटीत ठेवला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. हातपाय न धुता पिशवीतून कागदाची पुडी काढलीत. आजीकडून अंबाडीचा धागा आणला होतात, खऱ्या दाव्यासारखी दोरी वळायला. तुम्ही पेटी उघडलीत. मी ओट्याशी उभी राहून चकली खात होते. खेचरवाला कुठं हाय, असं तुम्ही विचारलंत आणि मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, किल्ल्यावर ठेवला होता. पुढचं, रंग दिला आणि ढाल लावली हे सगळं, माझ्या तोंडात तयार होतं. तुम्ही खाली बसलात. नुसते फरशीवर.

“पोरी, तो माझा बाप हाय गं,” तुम्ही म्हणालात.

मग एका दमात सांगितलंत, आजवर कधी सांगितलं नव्हतं ते. तुम्ही आजीच्या पोटात असताना आजोबा खेचरांच्या कंपनीतून समुद्रापार गेले. परत आलं ते एक पत्र आणि एक फोटो. तुम्ही बापाचं तोंड पाहिलं नाही, बापाने तुमचं पाहिलं नाही. फोटोतला चेहरा अर्धा विरलेला, उरलेला अर्धा आजीला विचारून विचारून तुम्ही भरलात. नाक असं होतं का, भुवई जवळ होती का. आणि फोटोत त्यांना मिशी नव्हती, आजी म्हणायची की सगळ्या गावात हाच एक बिनमिशीचा, त्यावरून लोक चिडवायचे. हे ऐकताना चकली माझ्या हातात होती. तुम्ही विचारलंत, कुठं ठेवलास, चल दाखव. आणि मी म्हणाले, “सापडत नाहीये अण्णा. किल्ल्यातच कुठेतरी पडला.”

मला एक दिवस हवा होता, दुसरं काही नाही; उद्या सांगेन, असं मनात म्हणत होते. रंग पुसून, मिशी काढून, जसा होता तसा तुमच्या हातात द्यायचा होता. त्या दुपारी बाथरूममध्ये मी कापसाला रॉकेल लावून मिशी पुसली. मिशीबरोबर वरचा ओठ निघून आला. एका केसाने काढलेला तुमच्या बापाचा ओठ. मी कापूस बाजूला ठेवला, मिशी परत काढली, कारण मिशीखाली आता काही नव्हतं. पगडी तर दगड झाली होती. असा तो तुम्हाला कसा द्यायचा? त्याला त्याच कापसात गुंडाळून मी कंपासपेटीच्या तळाला ठेवला, वर कागद लावला.

तुम्ही समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनकडून रेती चाळायची चाळण मागून आणलीत. आख्खा किल्ला फावड्याने काढलात आणि मूठ मूठ माती चाळलीत. शेजारचे काका गॅलरीतून विचारत होते की अहो, सोनं पडलंय की काय. तुम्ही चाळत राहिलात. दोन संध्याकाळी, ड्युटीवरून आल्यावर, दिवेलागणीपर्यंत. आणि घमेलं धरून कोण उभं होतं? मीच. चाळणीवर खडा राहिला की तुम्ही उचलून बघायचात, बोटाने पुसायचात. फुटक्या मावळ्याचं मुंडकं सापडलं तेव्हा तुमचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी चाळण परत करून आलात, हात धुतलेत आणि एवढंच म्हणालात, “इचारायचं होतंस.” त्यानंतर तुम्ही एकही नवा शिपाई केला नाहीत. आईची सुरी परत फक्त भाजीची झाली आणि आईलाच ते सोसेना. ती म्हणायची, काय हो, आज दुपारी झोपताय?

दर दिवाळीला मात्र तुम्ही मला विचारायचात, “यंदा किल्ल्यावर कोण कोण हाय?” मी पुन्हा किल्ला केलाच नाही. आधी दहावी होती, मग बारावी, मग कॉलेज. तुमच्या शेवटच्या दिवाळीत मी सव्वीस वर्षांची, महापेला कामाला लागलेली. तुम्ही पलंगावर, तोंडात धड घास जात नाही, आणि मी पणत्या लावत असताना तोच प्रश्न. मी म्हटलं, अण्णा, आता कसला किल्ला. तुम्ही हसलात आणि भिंतीकडे वळलात. मला वाटायचं ही तुमची सवय आहे, म्हाताऱ्या माणसांचं एखादं वाक्य असतं तसं.

परवा पेटी उघडली. एकतीस शिपाई बघितले, मग वरचा थर उचलून खालचा बघितला. खेचर होतं. त्याच्या गळ्यातून अंबाडीची बारीक वळलेली दोरी निघत होती. म्हणजे ती तुम्ही नंतर वळलीत, माणूस नसताना. दोरी चरातून जाऊन रिकाम्या जागेपाशी संपत होती, टोकाला त्याच्या मुठीएवढा फास. ती रिकामी जागा मी किती तरी वेळ नुसती बघत बसले. थर्माकोल तिथे वेगळा होता. जुना चौकोन कापून काढून नवा बसवलेला, सांधा स्पष्ट दिसत होता. आणि खाच कानटोपीची नव्हती. डोक्याशी रुंद होती, पगडीएवढी. डाव्या बाजूला एक गोल होता, नेमका शर्टाच्या बटणाचा.

अंदाजाने पोकळी करता येत नाही. तुम्ही तो हातात घेतला होता. चारी बाजूंनी मापला होता. मग मला आठवलं, दहावीच्या वर्षी कंपासपेटीची बिजागरी तुटली होती आणि मी ती घरीच टाकून गेले होते. संध्याकाळी आले तर पेटी दुरुस्त होऊन टेबलावर. कारखान्यातली पितळी पिन घातली होतीत. मी घाबरून तळ बघितला, तो होता, कापसात. कापूस पांढराशुभ्र होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. रॉकेलने डागाळलेला जुना कापूस कुठे गेला, हे मी स्वतःला विचारलं नाही. तुम्ही आपल्या बापाला त्या अवस्थेत बघितलंत, मिशी, बटण आणि सगळं, आणि परत गुंडाळून माझ्याकडे ठेवलंत. आणि तो आहे तसा मावेल अशी जागा करून ठेवलीत. दर दिवाळीला विचारत राहिलात.

मला आधी तुमचा राग आला. तो लपवत नाही. विचारायचं होतंस, हे तुम्हालाही लागू होतं ना? एकदा कान धरून म्हणाला असतात की काढ तो बाहेर, तर मी तिथेच रडले असते आणि संपलं असतं. तुम्ही तुमच्या चांगुलपणात दहा वर्षं वाट बघत बसलात आणि मी माझ्या भित्रेपणात. दोघांच्या मधे तो तळाला पडून राहिला. मग राग गेला आणि जे उरलं ते सहन होत नाही. एका वाक्याचं तर काम होतं.

तो अजून माझ्याकडे आहे. कंपासपेटी कधीच गेली, पण तो प्रत्येक पर्सच्या, प्रत्येक ड्रॉवरच्या तळाशी माझ्याबरोबर फिरला. मी उठले, ऑफिसच्या बॅगेतून त्याला काढला आणि खाचेत ठेवला. बटण गोलात बसलं. कुठे घासलं नाही, कुठे दाबावं लागलं नाही. दोरीचा फास मुठीत अडकवला, तोही बसला. झाकण लावायला माझा हात होईना.

तेवढ्यात आई आली. आता तिला जवळचं दिसत नाही, पण रिकामी जागा भरलेली तिला दिसली. अगं, हा कुठं मिळाला, असं तिने विचारलं. अण्णा, तेहतीस वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो प्रश्न कुणीतरी सरळ विचारला होता. मी म्हणाले, “पेटीतच होता आई. थर्माकोलच्या खाली.”

ती पलंगावर टेकली आणि हसायला लागली, डोळ्यांना पदर लावून. “म्हणजे ह्यांनीच कुठंतरी सारला, आणि दोन दिवस सगळ्या सोसायटीसमोर माती चाळत बसले,” ती म्हणाली. “वेंधळेच होते बाई.”

मी झाकण लावलं. मग ती चहा टाकायला गेली आणि स्वयंपाकघरातून अजून तिचं चाललंय, तुमच्या वेंधळेपणाच्या गोष्टी, चष्मा डोक्यावर ठेवून शोधल्याची, गावच्या एसटीत छत्री विसरल्याची. तुम्ही वेंधळे नव्हता हे मला तिला सांगायला हवं. उद्या सांगेन म्हणते. म्हणत तर मी तेव्हाही होते.